लाल, हिरवा आणि नजरवाले सर

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, डोळे राहत. बाजारात कुणी रामराम घातला की ते आधी त्याच्या उजव्या डोळ्यात बघत, मग डाव्या डोळ्यात, आणि ओळख पटली की म्हणत, "तुम्ही ना, उजवा उणे दीड?" तहसील कचेरीतले एक कारकून वारले तेव्हा अंत्ययात्रेत ते माझ्या शेजारून चालत होते. ओढा ओलांडल्यावर हळहळून म्हणाले, "डावा फार चांगला होता हो त्यांचा."

केजच्या सरकारी दवाखान्यात ते डोळे तपासायचे. कुणी डॉक्टर म्हटलं तर त्यांना खपायचं नाही. "डॉक्टर आत बसतात. मी नजर बघतो," असं म्हणायचे, म्हणून लोक त्यांना नजरवाले म्हणायला लागले. पुढं त्याला 'सर' जोडलं गेलं, कारण भिंतीवरचा तक्ता ते शाळेतल्या मास्तरांसारखा वाचून घ्यायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी वेगळा तक्ता होता. त्यातल्या चिन्हांची तोंडं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असायची आणि माणसानं हातानं दिशा दाखवायची. सत्तरीच्या म्हाताऱ्यापासून चार वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना ते अहो-जाहो करायचे. "घाबरू नका, डावा डोळा झाका," हे वाक्य त्यांनी आईच्या कडेवरच्या पोरीला तितक्याच अदबीनं म्हटलेलं मी ऐकलंय.

ज्याची तपासणी व्हायचीय त्याचा चहा ते घेत नसत. "तुमचा चहा प्यालो की तुमची खालची ओळ मला सोपी वाटायला लागते," असं स्पष्टीकरण द्यायचे. तपासणी झाल्यावर मात्र स्वतःहून विचारायचे, "आता पाजता का?"

त्यांच्याकडे एक ठिपक्यांचं पुस्तक होतं. पानापानावर रंगीत ठिपके, आणि त्या ठिपक्यांत लपलेले आकडे. रंगांची नजर ठीक असेल तर आकडा दिसतो. हे पुस्तक काळ्या मखमलीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं असायचं, कारण उजेडानं त्याचे रंग विटतात. ते बाहेर निघायचं फक्त सकाळी दहा ते बारा, उत्तरेच्या खिडकीपाशी, आणि आभाळ मोकळं असेल तरच. ट्यूबलाइटखाली रंग तपासणं त्यांना मान्य नव्हतं. ढग आले की दारावर पाटी लागायची, 'आज रंग बंद'. मांजरसुंब्याहून जीपला लोंबकळत आलेला माणूस ती पाटी वाचून शिव्या घालत परत जायचा, आणि सर खिडकीतून आभाळाकडे बघत बसायचे. पानाला बोट लावायची मुभा नव्हती. आकडा गिरवून दाखवायचा तर मोराचं पीस मिळायचं.

त्या पिसानं माझ्या आयुष्याची वाट बदलली, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

आमचं केजच्या पेठेत कापडाचं दुकान होतं. मागच्या बाजूला घर. अप्पा सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे आणि मी मांडणीतून ठाण काढून द्यायचो. "मोरपंखी काढ" म्हटलं की मी मोरपंखीच काढायचो, कारण मोरपंखी वरून तिसरा हे मला पाठ होतं. मला वाटायचं, सगळे असंच करतात. रंग ही लक्षात ठेवायची गोष्ट आहे आणि काही लोकांचं पाठांतर माझ्यापेक्षा पक्कं आहे, एवढीच माझी समजूत.

मग ती वर्षं आली. घरोघर केबल लागली, सुरतेहून दर पंधरवड्याला नवा माल उतरायला लागला आणि बायका टीव्हीत बघून नव्या नावांनी साड्या मागायला लागल्या. मेहंदी, राणी, चॉकलेटी, पिस्ता. अप्पांनी जुन्या फळ्या काढून काचेची कपाटं केली आणि माझं पाठांतर एका दिवसात निकामी झालं. मेहंदी मागितला की मी चॉकलेटी द्यायचो. ब्लाउजपीस जुळवताना गिऱ्हाईक हसायचं. एकदा लग्नाच्या बस्त्याला आलेल्या पंधरा-वीस माणसांसमोर अप्पांनी माझ्या हातातलं कापड हिसकावून घेतलं आणि म्हणाले, "याचं ध्यानच न्हाई दुकानात. येड्यावानी काय बी काढतंय." मी एकवीस वर्षांचा होतो. त्या दिवशी मागच्या दारानं जो निघालो तो थेट नारायणच्या वस्तीवर गेलो.

नारायण माझ्या वर्गातला. त्यांच्या घरी मेंढरं होती. त्यानं एक वर्तमानपत्राचा कागद जपून ठेवला होता. एका मोठ्या शहराच्या अग्निशामक दलात भरती होती. उंची, छाती, धावणं, दोरावर चढणं, माणूस खांद्यावर घेऊन पळणं. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की चष्म्याशिवाय नजर चांगली हवी आणि रंगांधळेपणा नको. सरकारी दवाखान्याचा दाखला जोडावा.

"चल की," नारायण म्हणाला. "तू बी कापडं फाडून कंटाळलास अन् मी बी मेंढरं हाकून."

तीन महिने आम्ही पहाटे मांजरसुंब्याच्या रस्त्यानं पळालो. मी नारायणला खांद्यावर घ्यायचो, तो मला. आधी मैलाच्या दगडापर्यंत, मग पुढच्या पुलापर्यंत. छाती फुगली, तळव्यांना घट्टे पडले. जाळातून कुणाला तरी बाहेर काढून आणतोय असं चित्र मला दिवसाउजेडी दिसायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी चांगला होतो.

आभाळ मोकळं असलेल्या एका सकाळी आम्ही दोघं सरांकडे गेलो. तक्त्याची शेवटची ओळ दोघांनीही वाचली. नारायणची नजर बघून सर इतके खूश झाले की त्यांनी त्याला खिडकीतून लांब रस्त्यावरच्या एसटीची पाटी वाचायला लावली. त्यानं पाटी वाचली आणि टपावर किती पोती आहेत तेही सांगितलं. मग पुस्तक निघालं. नारायणनं सगळे आकडे भराभर सांगितले. माझी पाळी आली. पहिल्या पानावर बारा, तो दिसला. दुसऱ्या पानावर तीन दिसला. तिसऱ्यावर सत्तर. पुढच्या पानांवर नुसते ठिपके होते.

सरांनी पुस्तक हळूच मिटलं. "दुसऱ्या पानावर आठ आहे," ते म्हणाले. "तिसऱ्यावर एकोणतीस."

मी म्हणालो, "पुन्हा बघू द्या सर. गडबडीत चुकलो."

"जरूर या. परवा या."

त्या दोन दिवसांत नारायणनं आठवून सांगितलेले आकडे मी पाढ्यासारखे घोकले. बारा, आठ, एकोणतीस, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर. परवा सकाळी खिडकीपाशी बसून ते न अडखळता म्हणून दाखवले. सर पान उलटत गेले, मी म्हणत गेलो. मग ते थांबले.

"पाठांतर उत्तम आहे तुमचं," ते म्हणाले. "फक्त दुसऱ्या पानापासून मी पुस्तक उलटं धरलंय."

माझे कान तापले. उठून जावं असं वाटलं, पण त्यांनी पुस्तक सरळ केलं आणि मागचं एक पान काढलं. आवाजात राग नव्हता. "आता खरं सांगा. इथं काय दिसतंय?"

"पंचेचाळीस," मी म्हणालो. तो आकडा मला स्वच्छ दिसत होता.

त्यांनी मोराचं पीस माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "गिरवा." मी चार गिरवला, मग पाच. त्यांनी चष्मा काढला, नाक पानाला लागेल इतके वाकले. "पुन्हा गिरवा." मी पुन्हा गिरवला. असं तीनदा झालं.

"एवढी वर्षं मी हे पान उलटतोय," ते म्हणाले. "यात तुमच्यासारख्यांनाच आकडा दिसतो, असं वाचलंय मी. मला कधी दिसला नाही. आजसुद्धा नाही दिसला." आणि ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती दयेची नव्हती. त्यांना माझा चक्क हेवा वाटत होता. मी तिथं नापास झालो होतो आणि मला तपासणारा माणूस माझा हेवा करत होता. रडू आलं ते त्यामुळं, दाखला मिळणार नाही म्हणून नाही.

"म्हणजे मी आळशी न्हाई?" मी विचारलं. हाच प्रश्न का सुचला कुणास ठाऊक.

"आळस डोळ्यात दिसत नाही हो," सर म्हणाले. "तुम्हाला लाल आणि हिरवा जन्मापासून वेगळे दिसत नाहीत. एवढंच आहे."

पण रडू ओसरलं की हट्ट परत येतो. शेजारच्या एका गावात एक जण बघितल्याशिवाय दाखला लिहून देतो असं कळलं. मी गेलो आणि घेऊन आलो. माझी रंगांची नजर निर्दोष असल्याचं त्यावर शिक्क्यासह लिहिलं होतं. लिहिणाऱ्यानं मान वर करून माझे डोळे पाहिलेसुद्धा नव्हते. मी तो कागद आनंदानं नारायणला दाखवला. त्यानं ते सरांना सांगितलं. त्याबद्दल मी नारायणशी आठवडाभर बोललो नाही.

सरांनी मला स्टँडवर गाठलं. "तो कागद मला दाखवू नका," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या परळीच्या गाडीला या. परत आल्यावर तुम्हाला वाटेल ते करा. मी अडवणार नाही."

सरांनी रजा घेतली हे ऐकून दवाखान्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली, इतकं ते नवल होतं. गाडीत ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि वाटभर समोरच्या आरशात त्याचे डोळे बघत राहिले. अंबाजोगाईला गाडी थांबली तसे उठून त्याच्याजवळ गेले. "उजव्या बाजूचं तुम्हाला जरा कमी दिसतं. तपासून घ्या."

"कावून म्हणता?" ड्रायव्हर चमकला.

"वळणावर मान जास्त फिरवता तुम्ही."

ड्रायव्हर पुढं गुरगुरत गाडी चालवत राहिला. दोन आठवड्यांनी तोच सरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला मला दिसला.

परळीला वीज केंद्रातल्या अग्निशमन विभागात सरांच्या ओळखीचे हमीदभाई होते. रुंद खांद्यांचे, मिशा पिकलेले. दरवर्षी ते केजला येऊन सरांकडूनच डोळे तपासून घ्यायचे. सरांनी त्यांना एवढंच सांगितलं, "यांना भरतीला जायचंय. लाल-हिरवा दिसत नाही. तुमचा सराव दाखवा."

नव्या माणसांना शिकवायच्या शेडमध्ये एक जुना, बंद पडलेला पॅनेल ठेवला होता. त्यावर काढून बदलता येणारे दोन दिवे. त्यांच्या काचेवर कोळशाच्या राखेची पुटं तशीच राहू दिली होती. हमीदभाई म्हणाले, "लाल म्हंजे वीज चालू. हिरवा म्हंजे बंद. आग लागली की आमी आधी हे बघतो, मग पानी मारतो. दोन्ही दिवे मी एकाच जागेवर आलटून पालटून लावतो. तू वीस पावलांवर उभा राहा अन् नुसतं सांग. चालू का बंद."

मी उभा राहिलो. दिवा लागला. पिवळट, धुरकट काहीतरी. मी म्हणालो, "बंद." दिवा विझला, पुन्हा लागला. "चालू." असं दहा वेळा झालं. हमीदभाई खडूनं जमिनीवर रेघा ओढत होते.

"सहा बरोबर," ते म्हणाले.

मला वाटलं, सहा म्हणजे निम्म्याहून जास्त. ते बहुतेक माझ्या तोंडावर दिसलं असणार. हमीदभाई जवळ आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, तू लई तगडा हाय. पळशील, चढशील, सगळं करशील. पन धुरात पुढचा मानूस 'बंद' म्हनला की मागं पाइप धरलेला मानूस त्याच्या आवाजावर पाय टाकतो. तो सोता बघत न्हाई. तुझ्या मागं कोन असंल?"

माझ्या मागं नारायण असणार होता. आम्ही तसंच ठरवलं होतं, एकाच तुकडीत राहायचं. पहाटे मांजरसुंब्याच्या रस्त्यावर त्याचं वजन मी खांद्यावर पेललं होतं, ते मला तिथं पुन्हा जाणवलं.

आईनं वैजनाथाचा अंगारा आणायला सांगितलं होतं म्हणून आम्ही देवळात गेलो. बाहेर पायऱ्यांवर बसलो तेव्हा मी विचारलं, "सर, तुमी सही केली असती तर कुनाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," ते म्हणाले. "पण मी कधी आगीत जात नाही. माझी सही जाते."

मी खिशातला कागद काढला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात मागं घेतला. "तो तुमचा आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही करा." मी तो चार वेळा फाडला. तुकडे हातात घेऊन केजपर्यंत आलो, कारण देवळाच्या पायरीवर टाकवेनात.

नारायण एकटाच भरतीला गेला आणि निवडला गेला. त्याला गाडीत बसवून दिलं त्या दिवशी मला त्याचा राग आला होता, हे खोटं बोलून लपवत नाही. त्यानं पंचवीसहून जास्त वर्षं आगी विझवल्या. त्याच्या दंडावर भाजल्याचा एक लांब डाग आहे. सुट्टीला आला की तो आधी माझ्याकडे येतो, आणि त्याला धडधाकट दारातून आत येताना बघून मला दर वेळी परळीची ती शेड आठवते.

सरांचं काम मात्र माझ्या नकारानं संपलं नव्हतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते मखमलीतलं पुस्तक काखेत घेऊन आमच्या दुकानात आले. पुस्तक खोलीबाहेर निघाल्याची माझ्या माहितीतली ती एकच वेळ. गादीवर बसले आणि अप्पांना म्हणाले, "आपण वाचता का?" अप्पांनी सगळे आकडे वाचले. मग सरांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं. मी बारा म्हणालो, तीन म्हणालो, सत्तर म्हणालो. अप्पा आधी हसले, मग मान पुढं काढून माझ्या बाजूनं पान बघायला लागले, जणू तिथून त्यांनाही सत्तर दिसेल.

"त्याला खरंच न्हाई दिसत?"

"नाही. आणि दिसणारही नाही. हे आळशी नाहीत, अप्पा. मला तर नवल वाटतं, इतकी वर्षं यांनी दुकान सांभाळलं कसं."

अप्पा समोर पसरलेल्या ठाणांच्या एकेक करून घड्या घालत राहिले, नोकर असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं तर प्रत्येक ठाणाच्या टोकाला एक चिठ्ठी टाचलेली होती. अप्पांच्या मोडक्या अक्षरात. मेहंदी. पिस्ता. राणी. वर्षभरानं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान टाकायची कल्पना त्यांचीच. "त्यात रंगाची भानगड न्हाई," म्हणाले. त्या दुकानावर माझा संसार उभा राहिला.

पण त्या बाजाराच्या दिवशी दुकानात आणखी एक गोष्ट घडली. सर उठता उठता म्हणाले, "हे आईकडून येतं. यांना मामा आहेत का?"

पडद्याआड उभी असलेली आई बाहेर आली. मामा होते, पण आमच्याकडे त्यांचं नाव कमी निघायचं. आईच्या लग्नात तिच्यासाठी हिरवी साडी आणायला त्यांना बीडला पाठवलं होतं आणि त्यांनी मातकट तपकिरी साडी आणली होती. हे लग्न मामांना पसंत नव्हतं, म्हणून मुद्दाम अपशकुन केला असं सगळ्यांनी धरलं. मामा शपथा घेत होते की हिरवीच आणली. आईनं त्यानंतर पाव शतक भावाशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं.

आईनं सरांना ती साडीची गोष्ट सांगितली. सांगता सांगता मध्येच थांबली. सर म्हणाले, "ताई, त्यांना ती हिरवीच दिसली असणार."

दुसऱ्या दिवशी आई एकटी जीपनं माहेरी गेली. काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. परत आली तेव्हा सोबत मामा होते. पांढरं धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं. मी त्यांना सरांकडे घेऊन गेलो. ढगाळ होतं म्हणून पहिला दिवस वाया गेला, मामा मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी आकड्यांऐवजी ठिपक्यांत वळणदार रंगीत वाट लपवलेली पानं काढली आणि मोराचं पीस हातात दिलं. रंगांची नजर ठीक असलेल्याला एका दमात सापडणारी वाट मामांना सापडली नाही.

सरांनी दवाखान्याचा कोरा दाखला घेतला. नोकरी नाही, भरती नाही, कुठल्याही कचेरीला न लागणारा दाखला. त्यावर त्यांनी सावकाश लिहिलं आणि मला वाचायला लावलं. 'सदर इसमास लाल व हिरवा हे रंग जन्मतः वेगळे दिसत नाहीत. यापूर्वी रंगांबाबत त्यांच्याकडून झालेल्या चुकांत त्यांचा कोणताही दोष नाही.' खाली सही केली, शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

मामांनी तो दोन्ही हातांत घेतला. "किती दिस चालतंय हे?" त्यांनी विचारलं.

"जन्मभर," सर म्हणाले. "आता चहा पाजता का?"

मामांनी समोरच्या टपरीवर आम्हा दोघांना चहा पाजला. स्वतः घेतला नाही, कारण हात मोकळा नव्हता. संध्याकाळी आई त्यांना जीपपर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, "मामा, घडी घालून खिशात ठेवा, वाऱ्यानं उडंल." त्यांनी मान हलवली. जीप माणसांनी खच्चून भरली होती, ते मागं लोखंडी दांड्याला एका हातानं धरून उभे राहिले, आणि दुसऱ्या हातानं तो कागद उपरण्याखाली छातीशी सपाट धरून गेले.